श्लेस्विगचा सातबारा

"भावजी, हे स्वीडन आणि डेन्मार्क एक का नाही हो झाले?"

कुंपणापलीकडून शैलावहिनींनी विचारलं. माझं शेवंतीला पाणी घालणं चाललं होतं. त्यांची धाकटी माल्मोला राहते, म्हणजे स्वीडनमध्ये, आणि नोकरीला जाते कोपनहेगनला, म्हणजे डेन्मार्कमध्ये. मधे सामुद्रधुनी, तिच्यावर २००० साली झालेला पूल. अर्ध्या-पाऊण तासाची गाडी. सकाळी फोनवर लेकीने तक्रार केली होती की पगार एका क्रोनमध्ये मिळतो, भाजी दुसऱ्या क्रोनमध्ये घ्यावी लागते, आणि दोन्हींचा भाव वेगळा.

"भाषा म्हणे एकमेकांची बरीचशी कळते," वहिनी म्हणाल्या, "धर्म एक, झेंड्यावर क्रॉस तोच, नुसता रंग निराळा. मग अडलं कुठं?"

मी नळ बंद केला. साताऱ्यात राहून डेन्मार्कबद्दल बोलायची संधी किती वेळा येते? आणि वहिनींशी बोलण्यात मजा अशी, की त्यांची सारी नोकरी तहसील कचेरीत गेली. अव्वल कारकून म्हणून होत्या, निवृत्त झाल्या नायब तहसीलदार म्हणून. अजूनही गल्लीतली माणसं उतारे घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलेली असतात. इतिहासातली कुठलीही लढाई सांगा, त्या आधी विचारणार, "जमीन कुणाच्या नावावर होती?"

"एक झाले होते की," मी म्हणालो. "१३९७ साली. मार्गारेट राणीने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका छत्राखाली आणले, कालमारचा संघ म्हणतात त्याला. सव्वाशे वर्षं कसाबसा टिकला. १५२० मध्ये डॅनिश राजाने स्टॉकहोमात स्वीडिश सरदारांची मुंडकी उडवली आणि १५२३ मध्ये स्वीडन कायमचं बाहेर पडलं. पुढची तीनशे वर्षं दोघं एकमेकांच्या उरावर."

"तुमच्या पोरीचं माल्मोसुद्धा मुळात डेन्मार्कचं. १६५८ साली कडाक्याची थंडी पडली, समुद्र गोठला, स्वीडिश फौज बर्फावरून चालत आली आणि तो सगळा किनारा घेऊन गेली."

"म्हणजे ती रोज माहेरी कामाला जाते म्हणायची," वहिनी हसल्या. "पण मी विचारतेय ते अलीकडचं. जर्मनी एक झाला, इटली एक झाली, त्याच सुमाराला ह्यांचं का नाही झालं?"

प्रश्न नेमका होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ज्याला त्याला एक व्हायचं होतं, आणि त्यात स्कँडिनेव्हियाही होता. इटलीला काव्हूर मिळाला, जर्मनीला बिस्मार्क मिळाला. स्कँडिनेव्हियाला दोन राजे मिळाले, आणि दोघेही गप्पिष्ट.

"राजांचं नंतर," वहिनींनी थांबवलं. "आधी सांगा, गादीला वारस होते का?"

इथे मला १८१० सालात मागे जावं लागलं, कारण ह्या कथेतली सगळ्यात खमंग गोष्ट तिथली आहे. स्वीडनचा तेरावा चार्ल्स म्हातारा आणि निपुत्रिक. युवराज म्हणून निवडलेला डॅनिश घराण्याशी जोडलेला एक राजपुत्र त्याच वर्षी मे महिन्यात घोड्यावरून कोसळून मेला. विषप्रयोगाची आवई उठली, आणि त्याच्या अंत्ययात्रेत जमावाने राज्यातल्या बड्या सरदाराला, आक्सेल फॉन फेर्सेनला, भर रस्त्यात तुडवून मारलं. गादी पुन्हा मोकळी. डेन्मार्कचा सहावा फ्रेडरिक स्वतः उमेदवार म्हणून उभा राहिला. मला निवडा, दोन्ही राज्यं एक होतील, म्हणाला. नॉर्वे तेव्हा त्याच्याकडे होताच. म्हणजे तिन्ही एकदम.

"मग?"

"मग मर्नर नावाचा एक स्वीडिश लेफ्टनंट, वय तिशीच्या आत, सरकारी निरोप घेऊन पॅरिसला गेलेला. त्याने आपल्या मनानेच नेपोलियनच्या एका सेनापतीला जाऊन विचारलं, तुम्ही आमचे युवराज होता का? सेनापती हो म्हणाला. तो बेर्नाडोट. दक्षिण फ्रान्समधल्या पो गावच्या वकिलाचा मुलगा. घरी परतल्यावर लेफ्टनंटाला आधी अटक झाली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच उमेदवाराला संसदेने निवडलं. म्हाताऱ्या राजाने त्याला रीतसर दत्तक घेतलं. आजही स्वीडनच्या गादीवर तेच घराणं आहे. पठ्ठ्याला मरेपर्यंत स्वीडिश बोलता आलं नाही."

वहिनी कुंपणावर कोपर टेकून सरसावल्या. "दत्तक? परका माणूस, परकी भाषा, परका धर्म, आणि युरोपात कुणी हरकत घेतली नाही?"

"धर्म बदलला त्याने. हरकत नाही घेतली कुणी."

"आणि इथं आमच्या छत्रपतींच्या गादीला १८४८ मध्ये रक्ताच्या नात्यातला मुलगा दत्तक घेतला, तर डलहौसी म्हणतो, दत्तक नामंजूर, राज्य खालसा! तिकडं वकिलाचा पोर चालतो. बरं आहे." साताऱ्याच्या माणसाला ही जखम अजून चिघळते. त्यात वहिनींनी आयुष्यभर वारसनोंदी केलेल्या. दोन मिनिटं डलहौसीचा उद्धार झाला, मीही हातभार लावला. योगायोग असा की १८४८ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या गादीवर जो बसला, तोही निपुत्रिकच राहणार होता, आणि आमची खरी गोष्ट त्याचीच आहे.

मधली वर्षं मी झरझर उरकली. बेर्नाडोटने १८१४ मध्ये डेन्मार्ककडून नॉर्वे काढून घेतला आणि स्वीडनशी जोडला. म्हणजे तिघांपैकी दोघं एका राजाखाली आले, तिसरा चडफडत बाहेर. १८४० च्या दशकात विद्यार्थ्यांना बंधुभावाची लहर आली. आगबोटी भरून इकडची पोरं तिकडच्या विद्यापीठात जायची, १८४३ ला उप्सालाला, १८४५ ला कोपनहेगनला, पेल्यावर पेले, भाषणांवर भाषणं, जगू तर एकत्र मरू तर एकत्र अशा शपथा. १८४८ मध्ये शपथ वसूल करायची वेळ आली. होल्स्टाइनच्या जर्मनांनी बंड केलं आणि प्रशियाची फौज डेन्मार्कमध्ये घुसली. स्वीडनने चार-साडेचार हजार माणसं डेन्मार्कच्या फ्यून बेटावर आणून ठेवली. ती लढली नाहीत, पण आली तरी. रशियाच्या झारने डोळे वटारले, लंडनने चक्रं फिरवली, आणि ऑगस्टमध्ये युद्धबंदीचा करार झाला. कुठे? माल्मोला.

"बघा!" वहिनी खूश. लेकीच्या गावाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा खुलतो.

"आता राजे सांगा."

डेन्मार्कचा सातवा फ्रेडरिक. दोन लग्नं झाली, दोन्ही राजकन्या, दोन्हींशी घटस्फोट. तिसरं लग्न १८५० मध्ये लुईझ रासमुसेनशी. मोलकरणीच्या पोटी, लग्नाबाहेर जन्मलेली, नाटकशाळेत बॅले नाचणारी, पुढे फॅशनच्या कपड्यांचं दुकान चालवणारी. तिला 'काउंटेस डॅनर' केलं, पण तिच्या मुलांना गादी मिळणार नव्हती, आणि मुलं झालीही नाहीत. कोपनहेगनच्या बड्या बायका तिला बघून तोंड फिरवायच्या. साध्या माणसांना मात्र हा राजा आवडायचा. ह्यानेच १८४९ मध्ये निरंकुश सत्ता सोडून राज्यघटना दिली होती. छंद दोन. जुन्या थडग्यांचं उत्खनन करणं, आणि जेवणाच्या टेबलावर पराक्रमाच्या थापा मारणं.

"आणि स्वीडनचा?"

"कार्ल पंधरावा. बेर्नाडोटचा नातू. उंच, देखणा, चित्रं काढणारा, कविता करणारा, तलवारीच्या गोष्टी सांगणारा. एकुलता मुलगा बाळपणीच गेला. उरली मुलगी, आणि तिकडे तेव्हा मुलीला गादी नव्हती."

"दोघंही बिनवारसाचे," वहिनी म्हणाल्या. ते वाक्य त्यांनी अशा आवाजात म्हटलं की समोर जणू फेरफाराची नोंदवही उघडी आहे.

"तेच तर! फ्रेडरिक गेला की कार्ल किंवा त्याच्या घराण्यातला कुणी डेन्मार्कचाही राजा व्हावा, असा बेत दोन्हीकडच्या उत्साही लोकांच्या डोक्यात होता. अडचण एवढीच, की १८५२ मध्ये लंडनला सगळ्या बड्या राष्ट्रांनी बसून डेन्मार्कचा वारस ठरवून टाकला होता. ग्ल्युक्सबुर्गचा ख्रिश्चन."

१८६३ च्या जुलैत कार्ल फ्रेडरिकला भेटायला कोपनहेगनजवळच्या स्कॉड्सबोर्गला आला. जर्मनांशी पुन्हा फाटणार हे दिसतच होतं. कार्लने शब्द दिला, बेलाशक पुढे व्हा, मी वीस हजार माणसं पाठवतो. कोपनहेगनचे मंत्री ह्या शब्दावर तरंगत घरी गेले.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कारण स्कँडिनेव्हियाचा सगळा 'जर-तर' ह्या भेटीवर उभा आहे. आपल्याकडे पानिपताचं होतं तसंच. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? जयंत नारळीकरांनी तर त्यावर कथाच लिहिली. गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात जिथे ती गोळी हुकलेली आहे आणि मराठे जिंकलेले आहेत. डेन्मार्कचे गंगाधरपंत स्कॉड्सबोर्गला जातात. वीस हजार स्वीडिश आणि नॉर्वेजियन माणसं आली असती, बिस्मार्क दचकला असता, श्लेस्विग वाचलं असतं, विजयाच्या भरात दोन्ही मुकुट एक झाले असते, आणि उत्तरेला दुसरी एक महासत्ता उभी राहिली असती. मलाही हे चित्र आवडतं. वहिनींना मी ते रंगवून सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "शब्द दिला. लेखी होतं का काही?"

नव्हतं. मसुदा नंतर तयार झाला, आणि ८ सप्टेंबरला स्टॉकहोमजवळच्या उलरिक्सडाल वाड्यात तो मंत्र्यांपुढे आला. तिथे बसला होता ग्रिपेनस्टेट, अर्थमंत्री. ह्या माणसाने स्वीडनमध्ये रेल्वे आणली होती, आणि ती परदेशी कर्जावर. त्याच्या जोडीला लुई द येर, कायद्याचा पक्का. दोघांनी सांगितलं, ब्रिटन किंवा फ्रान्स बरोबर असेल तर बघू, नसेल तर एकही शिपाई नाही. आणि कार्ल? स्वीडनचा राजा सही करायचा, पण तिजोरीची किल्ली मंत्र्यांकडे आणि संसदेकडे होती. कोपनहेगनला नेमलेला त्याचा राजदूत हॅमिल्टन, जो डेन लोकांना धीर देत फिरत होता, तो पुढे तोंडघशी पडून राजीनामा देऊन मोकळा झाला.

"हा ग्रिपेनस्टेट मला आवडला," वहिनी म्हणाल्या. "साहेब दौऱ्यावर गेले की आश्वासनं देऊन येतात, निस्तरतो कारकून."

"अहो पण फ्रेडरिक आणखी वर्ष-दोन वर्षं जगता तर! १५ नोव्हेंबरला तो अचानक गेला. चेहऱ्यावर धावरे उठले, त्यातच गेला. नवी घटना, श्लेस्विगला डेन्मार्कशी घट्ट बांधणारी, दोन दिवसांपूर्वी मंजूर होऊन त्याच्या सहीसाठी पडून होती. ती सही करायची पाळी आली नव्या ख्रिश्चनवर. त्याला करायची नव्हती. राजवाड्याबाहेर जमाव. १८ तारखेला केली सही. बिस्मार्कला हवं ते मिळालं."

"थांबा. आधी मला हे श्लेस्विग समजावून सांगा. सगळं त्याच्यावरून आहे ना?"

तिथे मी जरा दम घेतला. कारण ब्रिटनचा पंतप्रधान पामर्स्टन म्हणे म्हणायचा, की हा प्रश्न तिघांनाच कळला होता. एक अल्बर्ट, राणी व्हिक्टोरियाचा नवरा, तो मेला. एक जर्मन प्राध्यापक, तो वेडा झाला. तिसरा मी, आणि मी विसरलो. तो हे खरंच म्हणाला की कुणी त्याच्या तोंडी घातलं, देव जाणे, पण प्रत्येक इतिहासकार ही गोष्ट सांगून हात झटकतो. मी मात्र नेटाने सांगितलं. आयडर नदी. नदीच्या दक्षिणेला होल्स्टाइन, सगळं जर्मन, जर्मन संघराज्याचं सभासद. उत्तरेला श्लेस्विग, त्या संघात नाही, वरच्या भागात डॅनिश बोलणारे, खालच्या भागात जर्मन, पश्चिम किनाऱ्यावर फ्रीजियन. दोन्हींचा ड्यूक डेन्मार्कचा राजाच. आणि १४६० मध्ये एका राजाने लिहून दिलेलं, ही दोन्ही कायम एकत्र राहतील, कधी वेगळी होणार नाहीत.

वहिनींनी डोळे मिटले. मग बोटांवर मोजत बोलायला लागल्या.

"म्हणजे सातला नाव राजाचं, बाराला पीक भलत्याचंच. एका गटात दोन जमिनी, एक बागायत एक जिरायत, आणि पणजोबांनी लिहून ठेवलंय की वाटप करायचं नाही. वारस?"

"डेन्मार्कमध्ये बाईकडून वारसा चालायचा, होल्स्टाइनमध्ये नाही."

"घ्या! दोन गावांना दोन कायदे. आणखी कुणी हरकतदार?"

"ऑगस्टेनबुर्गचा ड्यूक. १८५२ मध्ये पैसे घेऊन गप्प बसायचं कबूल केलं त्याने. १८६३ मध्ये त्याचा मुलगा उभा राहिला की वडिलांनी दिलेला शब्द मला लागू नाही."

"बापाने हक्कसोड दिला, पोरगा म्हणतो माझी सही नाही." वहिनींना आता हसू आवरेना. "भावजी, हे प्रकरण माझ्या टेबलावरून शंभरदा गेलंय. ह्यात राजा जगला काय, मेला काय. हद्दकायम मोजणी करायची, डॅनिश बोलणारे एका बाजूला, जर्मन दुसऱ्या बाजूला, पंच्याऐंशीखाली वाटप करून टाकायचं. कुणी सुचवलं नाही का?"

सुचवलं होतं, हीच तर गंमत. आणि एकदा नाही. १८५७ मध्ये कार्लच्या बापाने, पहिल्या ऑस्करने, डेन्मार्कपुढे करार ठेवला होता की आयडरपर्यंतचं सगळं आम्ही तुमच्याबरोबर राखू. होल्स्टाइनचं मात्र आम्ही बघणार नाही. कोपनहेगनने नाकारलं, कारण त्यांना होल्स्टाइनही हवं होतं. त्याआधी दोनच वर्षं, क्रिमियन युद्ध चालू असताना, ह्याच ऑस्करने ब्रिटन आणि फ्रान्सशी करार केला होता, रशियाकडून फिनलंड परत मिळेल ह्या आशेने. तेवढ्यात रशियाने तह केला आणि ऑस्करच्या हाती आलं एवढंच, की आलँड बेटांवर रशियाने किल्ले बांधायचे नाहीत. माझ्या मते खरी संधी ती होती. तेव्हा पाठीशी दोन महासत्ता होत्या, गादीवर हिशेबी माणूस होता, आणि समोर बिस्मार्क अजून नुसता प्रशियाचा दूत म्हणून फ्रँकफुर्टला बसलेला होता. पण त्या वर्षांवर कुणी गाणी लिहिली नाहीत. हिशेबी माणसांवर कोण लिहितो?

"आणि १८६४?"

१८६४ चं सांगताना मला नेहमी वाईट वाटतं. १ फेब्रुवारीला प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा आयडर ओलांडून आल्या. डेन लोकांचा भरवसा डानेविर्कवर, हजारएक वर्षांचा जुना मातीचा तट, त्यांच्या लेखी त्याच्या आड राष्ट्र सुरक्षित. पण बाजूच्या दलदली आणि पाणी गोठलं की शत्रूला वळसा घालता येतो, आणि थंडी तर मरणाची. सेनापती द मेझाने ५ तारखेच्या रात्री तो तट लढाई न करता सोडला आणि बर्फातून फौज मागे काढली. लष्करी दृष्टीने शहाणपणाचं, पण कोपनहेगनमध्ये आगडोंब. द मेझाला काढलं. १८ एप्रिलला ड्युबोलचे बुरूज पडले. मेमध्ये हेल्गोलांडपाशी डॅनिश आरमाराने एक लढाई जिंकली, तोवर युद्धबंदी ठरून गेलेली. स्वीडन आणि नॉर्वेतून स्वयंसेवक आले, काहीशे. वीस हजार नव्हे. नॉर्वेच्या इब्सेनने तेव्हा मदतीची हाक देणारी कविता केली होती. मग बर्लिनमधून जाताना ड्युबोलला जिंकलेल्या तोफांची मिरवणूक बघितली, आणि देश सोडून सत्तावीस वर्षं बाहेर राहिला. आपण त्याला घरकुल आणि नोराच्या नावाने ओळखतो, पण त्याच्या कडवटपणाची सुरुवात इथली.

"स्वीडनचे आले नाहीत. इंग्रज तरी?"

"पामर्स्टनने १८६३ च्या जुलैत संसदेत ठणकावलं होतं, डेन्मार्कवर हात टाकाल तर फक्त डेन्मार्कशी गाठ नसेल. पण नेपोलियन तिसरा रुसलेला. पोलंडच्या बंडावरून आणि नंतर त्याने बोलावलेल्या युरोपच्या परिषदेला लंडनने नाही म्हटल्यावरून. फ्रान्सशिवाय इंग्लंडकडे जमिनीवर लढायला फौज कुठली? आणि घरात तर नुसतं युद्ध. राणी व्हिक्टोरियाची थोरली लेक प्रशियाच्या युवराजाला दिलेली, आणि थोरली सून ख्रिश्चनची मुलगी, अलेक्झांड्रा. लग्नाला वर्ष नाही झालं, पहिलं मूल दोन महिने आधी झालेलं, आणि माहेरावर तोफा."

"अलेक्झांड्रा? मुंबईचं अलेक्झांड्रा डॉक?"

"तीच. १९१४ मध्ये तिचं नाव दिलं. नंतर इंदिरा डॉक झालं."

"बिचारी. जेवणाच्या टेबलावर सासू जर्मन बाजूची, ही डॅनिश. कोण वाढणार कुणाला?" वहिनींनी पदर सावरला. "मग निकाल काय लागला?"

एप्रिलअखेर लंडनमध्ये सगळे एकत्र बसले. आणि तिथे, वहिनी म्हणाल्या तेच, मोजणी आणि वाटप टेबलावर आलं. श्लेस्विगमधून रेघ कुठून काढायची, फ्लेन्सबुर्गच्या वरून की खालून, ह्यावर दोन महिने खल. इंग्रजांनी सुचवलं, तिसऱ्याला लवाद नेमा, तो काढेल ती रेघ. कोपनहेगनने नाही म्हटलं. तिथला पंतप्रधान मोनराड हा बिशप होता. लिहायला-बोलायला हुशार, पण कुठे थांबायचं हे त्याला ठरवता येईना. पराभवानंतर तो उठून न्यूझीलंडला जाऊन शेतकरी झाला, मग परत आला. २५ जूनला परिषद मोडली, २९ जूनला प्रशियाची फौज होड्यांतून आल्स बेटावर उतरली, आणि खेळ संपला. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नाला तह झाला. होल्स्टाइन गेलं, शेजारचं लाउएनबुर्ग गेलं, आणि श्लेस्विगही जवळपास सगळं गेलं. राज्यातली जवळजवळ दोन पंचमांश माणसं.

"अर्धं देऊन उरलेलं राखता आलं असतं," वहिनी म्हणाल्या.

"पण वीस हजार आले असते तर..."

"आले असते तर हे आणखी ताठले असते, भावजी! माझ्याकडे येणारे असेच. ज्याच्या मागे चार माणसं असतात तो वाटपाला कधी तयार होत नाही. आणि तुमच्या त्या वीस हजारांसमोर प्रशिया आणि ऑस्ट्रियाचे किती होते?"

"साठ हजारांच्या आसपास."

"आणि रशिया बघत बसला असता?"

नसता बसला. पोलंडच्या बंडात बिस्मार्कने झारला मदत केली होती, दोघांची मैत्री ताजी होती, आणि बाल्टिकच्या तोंडाशी दोन्ही किनारे एकाच राज्याच्या हातात जाणं रशियालाही नको होतं आणि खरं तर इंग्रजांनाही. त्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्क चारशेहून अधिक वर्षं जकात घेत होता, ती मोठ्या मुश्किलीने १८५७ मध्ये बंद पाडली होती.

"बंद कुठं?" वहिनी म्हणाल्या. "पोरगी सांगते पुलावर गाडीला टोल केवढा घेतात ते."

मग मी माझी राखून ठेवलेली बातमी काढली. गप्पांना शेवटी काहीतरी झणझणीत हवं. १८६४ च्या जुलैत, सगळं हरल्यावर, ह्याच ख्रिश्चन नवव्याने गुपचूप बेल्जियमच्या राजामार्फत विचारणा केली होती, की सबंध डेन्मार्कच जर्मन संघराज्यात घेतलं तर? म्हणजे तरी ड्यूकपद हातचं जाणार नाही. मंत्र्यांना पत्ता नाही, जनतेला पत्ता नाही. बिस्मार्कने नको म्हटलं. हे कागद राजघराण्याच्या दप्तरातून एका डॅनिश लेखकाने २०१० च्या सुमाराला बाहेर काढले, तेव्हा डेन्मार्कमध्ये केवढी खळबळ उडाली.

वहिनींचा आ वासला. "स्वीडनशी एक व्हायला नको, आणि ज्यांनी मारलं त्यांच्यात जायला तयार?"

"वारसा, वहिनी. ग्ल्युक्सबुर्गवाला होता तो, जर्मन घरात जन्मलेला. आणि स्वीडनशी एक झालं असतं तर गादी त्याची नसती ना राहिली."

"आता बोललात. हे आधी सांगायचं. राज्य एक व्हायला दोन राजांपैकी एकाने खाली उतरायला हवं. इटलीत किती जणांना उतरवलं? उतरवणारा कुणी होता का ह्यांच्यात?"

नव्हता. आणि इथे मला वहिनींचं म्हणणं पटतं, जरी स्कॉड्सबोर्गची भेट मी सोडणार नाही. काव्हूर आणि बिस्मार्क दोघांनी युद्धं केली, पण आधी पैसे मोजले, मित्र मोजले आणि कुणाची गादी जाणार ते ठरवलं. उत्तरेतल्या मंडळींनी भाषणं केली आणि गादीचा विषय शिताफीने टाळला. कार्लची मुलगी १८६९ मध्ये डेन्मार्कच्या युवराजाला दिली तेव्हा लोकांना वाटलं, चला, निदान नातं जुळलं. पण स्वीडनची गादी गेली कार्लच्या भावाकडे. नाण्याचं मात्र जमलं. १८७३ पासून क्रोन दोघांचा सामाईक, १८७५ मध्ये नॉर्वेही आला, आणि पहिल्या महायुद्धापर्यंत इकडचं नाणं तिकडे बिनबोभाट चालायचं. लेकीला सांगा, शंभर-सव्वाशे वर्षं आधी जन्मली असतीस तर भाजीची अडचण आली नसती.

"मग मोजणी शेवटी झालीच नाही?"

"झाली की. १९२० मध्ये. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर श्लेस्विगच्या लोकांनाच विचारलं. उत्तर भागात शंभरातल्या पंच्याहत्तरांनी डेन्मार्क म्हटलं, मधल्या भागात ऐंशीजणांनी जर्मनी. रेघ फ्लेन्सबुर्गच्या जरा वरून गेली. डेन्मार्कच्या राजाला फ्लेन्सबुर्गही हवं होतं, त्याने पंतप्रधानालाच घरी पाठवलं, पण लोक रस्त्यावर आले आणि राजालाच माघार घ्यावी लागली. तीच रेघ आजची हद्द."

"छप्पन्न वर्षं उशिरा आणि मोजणी फी केवढी!" वहिनी म्हणाल्या. एवढ्यात आतून दादांचा आवाज आला, चहा टाकलाय की नाही. "येते हो!" त्या गेल्या नाहीत. "आणि नॉर्वे? तुमच्या त्या महासत्तेत नॉर्वे राहिला असता?"

"एका राजाखाली असूनही नॉर्वे १९०५ मध्ये स्वीडनपासून वेगळा झालाच. एक गोळी न झाडता. मतदान घेतलं. बाहेर पडायचं म्हणणारे ३,६८,२०८. नको म्हणणारे १८४."

"१८४? सगळ्या देशात?"

"सगळ्या देशात. फक्त पुरुषांना मत होतं. बायकांनी मग स्वतःहून सह्या गोळा केल्या, अडीच लाखांच्या आसपास. आणि राजा म्हणून कुणाला बोलावलं माहितीय? ख्रिश्चन नवव्याच्या नातवाला."

"म्हणजे म्हातारा शेवटी नातवाच्या रूपाने घुसलाच तिथं." वहिनींनी मान हलवली. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "१८४ म्हणजे एका वाडीची मतदार यादी झाली की हो. कोण असतील हे? बायको स्वीडनची असलेले?"

"असतील. नाहीतर सीमेवर ज्यांची जमीन पलीकडे होती ते."

"किंवा शिक्का चुकीच्या जागी पडलेले," वहिनी म्हणाल्या, आणि निवडणुकीच्या कामावर असताना त्यांना भेटलेल्या एका मतदाराची गोष्ट सुरू झाली. दादांनी चहा स्वतःच टाकला होता.